बावीस फेट्यांचा बँड

चौसाळ्याच्या पेठेत सिद्धेश्वरअप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि त्याला खेटून पिठाची गिरणी. अप्पांच्या मुलाच्या, वीरेशच्या, आयुष्याचं वाटोळं करायला ती गिरणी एकटी पुरेशी होती. पुण्यातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून त्याने जुना सॅम्पलर आणला होता. म्हणजे फ्लॉपीत भरलेले खऱ्या वाद्यांचे सूर वाजवणारा कीबोर्ड. सोबत अकरा फ्लॉप्या. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, हॉर्न, ट्युबा, सगळी पितळी वाद्यं, परदेशात कुणीतरी एकेक सूर फुंकून भरलेली. एक फ्लॉपी मशीनच्या पोटात जायला दीड मिनिट लागायचं. तेवढ्यात गिरणी सुरू झाली की व्होल्टेज कोसळायचं आणि मशीन ट्रम्पेट साफ विसरून जायचं. पुन्हा फ्लॉपी, पुन्हा दीड मिनिट. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतरचा अख्खा महिना वीरेशने असा दातओठ खात काढला.

या चौतीस वर्षांच्या माणसाला हवं तरी काय होतं? आपण बांधलेली चाल मोठ्या वाद्यमेळात एकदा वाजावी, बस्स. शाळेत असल्यापासून तो ट्रम्पेट डोक्यात घेऊन साड्यांच्या घड्या घालत होता. शेवटी अप्पांनीच निकाल लावला.

"मोहनरावाच्या लेकीच्या लग्नात वाजव. चारचौघांत नाव झालं तर ठेव ते खोकं. न्हाई तर ईकून टाक अन् गप गल्ल्यावर बस."

मोहनराव म्हणजे नांदूरघाटचे बडे जमीनदार आणि पुढारी. लेक राजनंदिनी मांडवात येताना "विंग्रजी पिक्चरसारखं" काहीतरी वाजावं, अशी त्यांची हौस होती. वीरेशने एकेक वाद्य वाजवत, एका टेपवरून दुसऱ्या टेपवर चढवत नमुन्याची कॅसेट केली. पण ट्रम्पेटचा प्रत्येक सूर शिक्का मारल्यासारखा एकाच थाटात उमटायचा. आणि ट्युबाचा सूर लांबवला की आत 'टक्' व्हायचं, कारण मशीन तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचं. ती टकटक काढण्यात आठ दिवस गेले. निघाली नाही ती नाहीच. वैतागून त्याने कॅसेट तशीच पाठवून दिली.

चौथ्या दिवशी मोहनरावांची जीप दुकानासमोर येऊन थांबली. आत तीच कॅसेट वाजत होती.

"लई भारी बे, वीरेश! अन् तो टकटक ताशा तर एक नंबर! आमच्या आईनं कान देऊन मोजलं. बावीस मानसं हायेत म्हनली. बावीस फेटे सांगून टाकलेत मी."

बावीस कुठली, मी एकटा आणि अकरा फ्लॉप्या, हे वीरेशच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गल्ल्यावरून अप्पा बघत होते.

"हो, बावीस," तो म्हणाला. जीप गेल्यावर त्याला स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटली.

मग तो शहादेव मास्तरकडे गेला. गावातला बँड शहादेवचा. अकरा माणसं, चेपलेली वाद्यं, पण मास्तर तीस वर्षं फुंकत आलेला. त्याने कॅसेट दोनदा ऐकली आणि ट्रम्पेट तोंडाला लावला. निम्म्या चालीत लालबुंद होऊन तो मटकन खाली बसला.

"शेठ, दम कुठं घ्यायचा ह्याच्यात?"

"कुठं म्हणजे?"

"मानूस जित्ता ऱ्हायला पायजे का न्हाई? बोटानं बांधल्याली चाल हाय ही. कावून छळताव आमाला? तोंडानं वाजवायची तर मधी जागा सोडा."

वीरेश चिडला. एक सूर तुटू देणार नाही म्हणाला. तीन दिवस दोघं भांडले. शेवटी तोड मास्तरनेच काढली. एकाने एक ओळ वाजवायची, तो दम घेतोय तोवर पुढची ओळ दुसऱ्याने उचलायची. पण मग एकेका वाद्याला दोन-दोन माणसं लागणार. शहादेवने आष्टीहून दुसरा बँड बोलावला. अकरा आणि अकरा. वीरेशने कपाळावर हात मारला. बावीस माणसांचं काम एकट्याने करणारं यंत्र आणलं होतं, आणि त्यावर बांधलेली चाल वाजवायला नेमकी बावीस माणसं लागत होती!

लग्नाच्या दिवशी राजनंदिनी उंबऱ्याबाहेर आली आणि चाल उठली. एकाचा श्वास संपत आला की दुसरा अलगद सूर हातात घेई. त्या सांध्याला चाल जराशी कापे, आणि तिथेच ती जिवंत वाटे. मांडवाच्या खांबाला टेकून वीरेश ऐकत होता. आपलीच चाल त्याला आज पहिल्यांदा कळली. डोळे भरून आले आणि भर लग्नात रडू येतंय म्हणून त्याला स्वतःचाच राग आला.

मोहनराव जवळ आले. "वाजलं चांगलं. पन कॅसेट जास्त भारी व्हती. ते टकटक कुठं गेलं?"

अप्पा शेजारीच उभे होते. त्यांनी मान फिरवली.

मग वाजवणाऱ्यांचा मान सुरू झाला. एकेकाच्या डोक्यावर फेटा, हातात नारळ. बाविसावा फेटा बांधून झाला तसा फेटेवाला वीरेशपाशी थांबला.

"तुमी काय वाजवलं?"

कॅसेटमध्ये सगळं त्यानेच वाजवलं होतं. आज काहीच नाही.

"त्यांना काय इचारता?" शहादेव सुजलेले ओठ पुसत ओरडला. "महिनाभर जीव काढलाय त्यांनी आमचा! समदी चाल त्यांचीच हाय. असली चाल उभ्या जन्मात वाजवली न्हाई मी. द्या त्यांना नारळ!"

फेटे संपले होते. नारळ मिळाला.

परतताना अप्पा स्कूटरवर मागे बसले होते, मांडीवर तो नारळ धरून. आता खोकं विकायचं, असं वीरेशने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. दुकानापाशी अप्पा उतरले, धोतर झटकलं आणि शेजारच्या गिरणीकडे बघत म्हणाले, "उद्यापासनं सकाळी दुकान मी उघडतो. अन् ह्या गिरणीवाल्याला सांगतो, दहाच्या आत चालू करू नको म्हनून."