इंटरेस्टेड की इंटरेस्टिंग

माझं इंग्रजी चांगलं असल्यामुळे माझ्या मुलीचं लग्न मोडायला आलं होतं.

पल्लवी पुण्यात नोकरीला. ऑफिसातलाच एक मुलगा तिनं पसंत केला. मुलगा बंगळूरचा. त्याच्या आईवडिलांना मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. ते बोलणी करायला आमच्या नाशिक रोडच्या घरी येणार म्हटल्यावर इंग्रजीची जबाबदारी माझ्यावर पडली (म्हणजे मीच ती उचलली). तीस वर्षं कचेरीत इंग्रजी पत्रं टाइप केलेला माणूस मी.

"बाबा, मी बोलेन ना," पल्लवी म्हणाली.

"स्वतःच्या लग्नाची बोलणी स्वतः करणार? मी कशाला आहे मग?"

रविवारी पाहुणे आले. चहा झाला, द्राक्षं पुढे ठेवली आणि मी पाठ केलेलं वाक्य टाकलं, "वुई आर व्हेरी इंटरेस्टिंग इन युवर सन."

मुलानं मान खाली घातली. त्याच्या वडिलांनी मात्र गंभीरपणे मान डोलावली. मला जोर चढला.

"माय वाइफ इज व्हेरी बोअरिंग. डॉटर वेंट टू पुणे, सो होल डे शी इज बोअरिंग."

'वाइफ' ऐकून बायकोनं हसून नमस्कार केला. मुलाची आई तिच्याकडे कळवळून बघायला लागली.

पल्लवीनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"बाबा, इंटरेस्टेड म्हणा. ज्याला रस वाटतो तो इंटरेस्टेड, ज्याच्यात रस वाटतो तो इंटरेस्टिंग. आणि बोअरिंग म्हणजे कंटाळवाणा. तुम्ही आईला कंटाळवाणी म्हणालात."

"ई-डी लागला की भूतकाळ होतो," मी शांतपणे म्हणालो. "इंटरेस्टेड म्हटलं तर आधी रस होता, आता संपला, असा अर्थ होईल. पाहुणे उठून जातील."

"तो भूतकाळ नाही, विशेषण आहे."

"आत्ता विशेषणांची वेळ आहे का?"

बाहेर येऊन मी समारोप केला, "आफ्टर मॅरेज आय विल बी ऑल्सो व्हेरी बोअरिंग."

मग मुलाच्या वडिलांनी माझा हात हातात घेतला. "सर, वुई आर ऑल्सो व्हेरी बोअरिंग. अँड व्हेरी इंटरेस्टिंग इन युवर डॉटर."

मी पल्लवीकडे पाहिलं. बघ म्हटलं. मुलानं तोंडाला रुमाल लावला होता. मला वाटलं, भरून आलं असेल.

लग्न ठरलं, झालंही. व्याह्यांचं इंग्रजी अगदी माझ्यासारखं आहे, हे मी सिन्नरपासून घोटीपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना अभिमानानं सांगितलं.

पुढे बंगळूरला त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर शाळेनं निवृत्तीच्या वेळी दिलेलं मानपत्र होतं. व्याह्यांनी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. व्याकरणासकट.

जेवण मला गेलं नाही. शेवटी विचारलंच, त्या दिवशी बोलला का नाहीत? ते मला समजेल अशा बेतानं, सावकाश इंग्रजीत म्हणाले, "मी चूक काढली असती, तर तुम्ही बोलायचंच थांबला असता. मग लग्न कुणी ठरवलं असतं?"

तेव्हापासून मी त्यांच्याशी इंग्रजी बोलत नाही. आम्ही फोनवर हिंदीतच बोलतो. त्यांना नीट येत नाही, पण जिद्दीनं शिकतायत.

माझ्याकडून.