गहिनीनाथचा गुडघा

गाडीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगणारा माणूस, असं आश्रुबा मिस्तरीचं माजलगावच्या बाजूला नाव होतं. सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्याची हयात गेली. ट्रक फाटकातून आत शिरायचा आणि हा चहाची बशी खाली न ठेवता म्हणायचा, "मागच्या चाकाचं बेअरिंग गेलंय." खोलून पाहावं तर ते गेलेलंच असायचं. अशा माणसाचं बोलणं लोक तपासून पाहत नाहीत. हळूहळू आश्रुबाही स्वतःचं बोलणं तपासेनासा झाला होता.

२०१३च्या उन्हाळ्यात धरणाचा तळ दिसू लागला. उसाअभावी गाळप लवकर आटोपलं आणि कारखान्याने आपल्या एका जुन्या ट्रकवर टाकी चढवून सभासदांच्या गावांना पाणी पोचवायला सुरुवात केली. त्यावर ड्रायव्हर होता गहिनीनाथ. मूळचा शिरूर कासारकडचा, ऊसतोडीला आलेला. भरल्या ट्रकवरून पडून त्याचा डावा गुडघा कायमचा आखडला, तेव्हा कोयता सोडून तो गाडी शिकला. क्लच दाबताना तो सीटवर जरासा पुढे सरकायचा, एवढंच. त्यात कुणी कधी खोट काढली नव्हती.

एप्रिलमध्ये त्या ट्रकचा गिअरबॉक्स बसला. भंगारात उभ्या असलेल्या दुसऱ्या ट्रकचा काढून आश्रुबाने तो याला चढवायला घेतला. आता कारखाना म्हटला की आवारात बगॅसचा, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या भुशाचा, डोंगर आलाच. वारा सुटला की त्याची भुकटी डोळ्यांत, डब्यांत, जाईल तिथे. म्हणून वर्कशॉपचा रिवाज असा, की मशीन उघडण्याआधी जमिनीवर पाणी मारायचं आणि भोवताली ओली पोती टांगायची. त्या वर्षी प्यायला पाणी मिळायची मारामार, पोत्यांना कोण देणार? आश्रुबाने कोरडीच पोती टांगली. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या दात्यांना सढळ हाताने ग्रीस फासलं, आणि तो उघडाच ठेवून जेवायला गेला. दुपारभर वारा होता. परत आल्यावर त्याने शाफ्ट पुन्हा न पुसता बॉक्स वर चढवून टाकला.

पहिल्या एकदोन खेपा बऱ्या गेल्या. मग गिअर टाकताना खरखराट सुरू झाला. रिव्हर्स तर पडेचना. डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीवर टँकर मागे घेऊन विहिरीत रिकामा करावा लागे. आता तो रस्त्यावरच उभा राहू लागला आणि बायांना चढावरून हंडे वाहावे लागले. वाडीवरची केशरबाई तोंडाची फटकळ. तिने कारखान्याच्या वाहन विभागाच्या सुंदररावांना फोन करून चांगलं खडसावलं.

सुंदरराव वर्कशॉपमध्ये आले. "मिस्तरी, काय बसवून ठेवलंय हे?"

भोवती सगळे जमले होते. इंजिन बंद करून गिअर टाकून पाहायचा, मग चालू करून. बंद असताना सहज पडला आणि चालू असताना खरखरला, तर समजायचं क्लच पुरता सुटत नाही. हे आश्रुबा नव्या लोकांना शिकवत असे. त्या दिवशी त्याने स्वतः ते केलं नाही. त्याची नजर गहिनीनाथच्या पायाकडे गेली.

"गिअरबॉक्स चांगला हाय, साहेब. ह्याचा पायच खालपर्यंत जात न्हाई. अर्ध्या क्लचवर गिअर टाकला तर बोंबलनारच की."

"लंगड्या घोड्यावर पखाल लादली बे आपण!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

"मिस्तरी, कावून असं बोलतो?" गहिनीनाथ म्हणाला. "ह्याच पायानं आजवर चालवली ना?"

"पायाला बी वय होतंय," आश्रुबा म्हणाला. पुन्हा हशा.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ फाटकावर पहारेकरी झाला. टँकर जालिंदर नावाच्या तरुण ड्रायव्हरकडे गेला. आठवडा उलटायच्या आत जालिंदर आश्रुबाकडे आला आणि हळूच म्हणाला, "माझे तर दोन्ही पाय धड हायत मिस्तरी. तरी रिव्हर्स पडंना."

इंजिन बंद करून आश्रुबाने गिअर टाकला, गुमान पडला. चालू करून टाकला, खर्रर्र. बॉक्स उतरवला. क्लचची प्लेट शाफ्टच्या दात्यांवर हाताने पुढेमागे सरकायला हवी, ती जागची हलेना. ग्रीसमध्ये भुशाची भुकटी बसून, तापून, त्याची चिक्की झाली होती. पेडल कुणीही कितीही दाबलं असतं तरी क्लच सुटलाच नसता. त्याने दाते डिझेलने धुतले, बोटावर घेऊन जेमतेम ग्रीस लावलं आणि सगळं पुन्हा जोडलं.

"काय निघालं?" जालिंदरने विचारलं.

"घाण व्हती."

"लंगड्यानं क्लच जाळून ठिवला असंल."

आश्रुबा फडक्याला हात पुसत राहिला.

टँकर सुरळीत पळू लागला. सुंदरराव जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझंच खरं निघालं. माणूस बदलला, आवाज गेला!"

ती थाप आश्रुबाला चपराकीसारखी लागली. वाजणारी गाडी निदान गहिनीनाथच्या बाजूने बोलत होती. ती यानेच गप्प केली होती. फाटकावर गहिनीनाथ दिसेल म्हणून तो मागच्या कुंपणाच्या फटीतून कामावर येऊ लागला. एवढा मोठा मिस्तरी, कुत्र्यासारखा वाकून.

शेवटी एका सकाळी तो फाटकानेच आला. "गहिनी, दोष तुझ्या पायाचा नव्हता. मीच..."

"ते मला म्हाईत हाय," गहिनीनाथ म्हणाला. "मला कावून सांगतो? ज्यांच्यापुढं बोलला, त्यांना सांग."

आश्रुबाने वर्कशॉपमध्ये सगळ्यांदेखत सुंदररावांना सांगितलं.

सुंदरराव हसले. "दया आली व्हय रे त्याची?"

"दया न्हाई साहेब. दाते मी उघडे टाकून गेलतो. माझ्या हातची चूक हाय."

"बरं बरं. गरिबाचं भलं होत असंल तर होऊ दे. उद्यापासून बसू दे त्याला टँकरवर."

आश्रुबा चरफडला. त्याने कबुली दिली, आणि ती गहिनीनाथच्या पदरात भीक म्हणून पडली.

"वाडीवर बी चल," गहिनीनाथ एवढंच म्हणाला. "जालिंदरनं तिथं बी माझ्या पायावर खापर फोडून ठिवलंय."

दुसऱ्या दिवशी आश्रुबा टँकरमध्ये त्याच्या शेजारी बसला. टँकर दिसताच बाया हंडे घेऊन धावल्या. आश्रुबा खाली उतरून विहिरीच्या कठड्याजवळ उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "बायांनो, मागं गिअर वाजत व्हता, त्यात ह्याची चूक न्हाई. ह्याच्या पायाचं म्या खोटं सांगितलं. तुमाला हंडे वाहावे लागले ते माझ्यापायी."

केशरबाईने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "झालं का बाबा सांगून? मग हो बाजूला. कुणाची का चूक असंना, पानी सोडू दे." मग टँकरकडे वळून ती ओरडली, "ए लंगड्या, आन की मागं! लई ऊन झालंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. माया म्हणावी असंच काहीतरी होतं. वाडीवर आता त्याचं नावच ते झालं होतं.

रिव्हर्स आवाज न करता पडला. आश्रुबा टँकरच्या मागे जाऊन हाताने खुणा करू लागला, "येऊ दे, येऊ दे." गहिनीनाथने खिडकीतून मान बाहेर काढली आणि केशरबाईला विचारलं, "मावशे, अजून किती घेऊ?"