सुलटं करून घेतलेलं पुस्तक

बेने इस्राएल समाजाच्या इतिहासावरच्या जुन्या पुस्तकांचा मी जळगावातला सर्वात मोठा संग्राहक आहे. (दुसरा कोणी नाही.) घरात मराठी बोलणाऱ्या या ज्यू मंडळींची सतरा पुस्तकं माझ्याकडे होती. वाचलं एकही नव्हतं, पण प्रत्येकाला खाकी कव्हर मात्र स्वतः घातलं होतं.

सतरावं धुळ्याच्या रद्दीत मिळालं. एका पानावर मराठी, समोर हिब्रू, आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने घरच्या नोंदी केलेल्या. आत चाळीसगावच्या एका रेल्वे गार्डचं नाव होतं. मी त्या नावाचा फोटो फेसबुकवर टाकला आणि आठवड्याभरात ठाण्याहून रूथबाईंचा फोन आला. गार्ड म्हणजे त्यांचे आजोबा. आईची जन्मतारीख समासात कुठेतरी लिहिलेली आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं. आई वर्षापूर्वी गेली, आणि कबरीचा दगड त्या तारखेसाठी अडला होता. त्या रविवारी येणार होत्या.

पाहुण्यांपुढे खिळखिळं पुस्तक कसं ठेवायचं? शिवाय त्याची शिवण उजव्या बाजूला होती. बायको म्हणाली, "त्यांच्यात तसंच असेल. राहू द्या."

"मी या विषयाचा अभ्यास केलाय," मी म्हणालो आणि धुळ्याची बस पकडली.

बाइंडर नाना माझ्याच मताचे निघाले. "सर, हाई पुस्तक उलटं बांधेल शे. सुलटं करी देऊ का?"

दिलं की करून! जुनी शिवण कापली, पानं डाव्या बाजूने घट्ट शिवली, वर लाल कापड. मला तर भरून आलं.

रविवारी रूथबाई आल्या. पदर डोक्यावर घेऊन त्यांनी पुस्तकाला ओठ लावले आणि उघडायला डाव्या कडेला हात घातला. तिथे नानांची शिवण. त्यांनी पुस्तक फिरवून पाहिलं. मग अगदी हळू आवाजात सांगितलं, की हिब्रू उजवीकडून वाचतात, म्हणून पुस्तकाची शिवणही उजवीकडेच असते. "आणि समास कुठे गेला हो?"

समास शिवणीत गेला होता. आईच्या तारखेसकट. 

बायको आत गेली. ब्लाउज उसवायचं ब्लेड घेऊन आली आणि रूथबाईंना घेऊन सतरंजीवर बसली. दोघी एकेक टाका उसवत होत्या. मला फक्त दोरे गोळा करायची परवानगी होती. तासाभराने रूथबाई थांबल्या. भोकांच्या रांगेतून तारीख स्वच्छ दिसत होती, आणि खाली लिहिलं होतं : 'पहाटे मुलगी झाली. आवाज आईवर गेला आहे.'

रूथबाई हसल्या आणि मग रडल्या. मलाही आवरेना. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याची मला जास्त लाज वाटली. पुस्तक त्यांचंच होतं. सुटी पानं बायकोने नाडीने बांधून दिली.

त्या गेल्यावर मी ब्लेड परत करायला गेलो, तर बायकोने घेतलं नाही. "राहू द्या तुमच्याकडेच," ती म्हणाली.

तिला माहीत होतं. कपाटातली आणखी तीन पुस्तकं मी नानांकडून आधीच सुलटी करून आणली होती.