हेडाऊ मास्तरांचा खांब

नागपुरात महालातल्या आमच्या गल्लीत शालिकराम हेडाऊ मास्तरांच्या घरी जेवायच्या पंगतीलासुद्धा अध्यक्ष असे. वयाने मोठा तो अध्यक्ष. भाजीत मीठ कमी पडले तर तसे बायकोला परस्पर सांगायचे नाही, अध्यक्षांमार्फत सांगायचे, असा मास्तरांनी एकदा नियम काढला. पुष्पलताबाईंनी तो पहिल्याच जेवणाला निकालात काढला. पोळी तव्यावर टाकता टाकता त्या म्हणाल्या, "अध्यक्ष महाराज, या सभासदाले विचारा, उद्यापासून सैपाक कोण करते ते." घरातली लोकशाही तिथेच बरखास्त झाली आणि मास्तरांनी आपला सगळा जोर बाहेर लावला.

बाहेर म्हणजे पंचांच्या शिबिरात. साल एकोणसाठचे. पंचायतीचा नवा कायदा आला होता, गावोगाव पंच निवडून येत होते, आणि निवडून आल्यावर नेमके करायचे काय हे त्यांना शिकवायला नागपुरात शिबिरे भरत होती. मास्तर जातीचे कोष्टी. बापाच्या मागाच्या खटखटीत पाढे पाठ केलेले, म्हणून जन्मभर पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलत. शाळेतली नोकरी सोडून ते शिबिराचे शिक्षक झाले, पण शाळेची घंटी तेवढी बरोबर घेऊन आले. उन्हाळ्याच्या सुटीत रिकाम्या शाळेत शिबिर चाले. पहिलीच्या बाकांवर मोठमोठ्या मिशांचे सरपंच गुडघे छातीशी घेऊन बसत आणि मास्तर घंटी वाजवून सांगत, "सभेत एकानं दुसऱ्याशी बोलायचं नाही. जे बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून!"

"काहून गा मास्तर?" काटोलकडचे दादाजी नावाचे संत्र्याचे बागाईतदार विचारत. "अध्यक्षाच्या कानात काही बिघाड हाय का?"

"दोघं एकमेकाकडं पाहून बोलले का तिसऱ्या वाक्याले कोणं कोणाचा बांध कोरला ते निघते. म्हणून."

यावर सगळे मान खाली घालून वहीत लिहू लागत, कारण बांध सगळ्यांनाच होते.

मास्तरांचे दुखणे वेगळेच होते. कायद्याने पंचायतीत बायकांसाठी जागा ठेवल्या होत्या. बायका निवडून येत, शिबिराला येत, पदर ओढून भिंतीला टेकून बसत, आणि शिबिर संपले की तशाच उठून जात. एकीनेही कधी सभेत तोंड उघडले नव्हते. साहेब पाहणीला आले की समाधानाने मान हलवत, कारण बायका हजर होत्या. मास्तर मात्र घरी येऊन जेवत नसत.

त्या उन्हाळ्यात खाप्याच्या पलीकडून, कन्हान नदीच्या काठच्या बोरडोहाचे तीन पंच आले. सरपंच मनोहरराव किराणा दुकानदार. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून दोन्ही बाजूंना 'बरोबर हाय' म्हणणारा माणूस. खरा जोर रुपरावांचा, ते गावातले मोठे शेतकरी. आणि तिसऱ्या रुखमाबाई, रुपरावांच्या धाकट्या भावाची बायको.

शिबिराची चूल पुष्पलताबाईंकडे असे. तांदूळ निवडता निवडता रुखमाबाईंनी त्यांना सगळे सांगितले. बोरडोहाला सरकारकडून एकच काम मंजूर झाले होते आणि ते कोणते, हे परत गेल्यावरच्या सभेत ठरायचे होते. रुपरावांना पंचायतघर हवे होते, पक्के, कौलारू, पाहुण्याला दाखवता येईल असे. बायकांना विहीर हवी होती. उन्हाळ्यात त्या नदीची दरड उतरून वाळूत झिरे उकरत, वाटीवाटीने पाण्याचा गुंड भरत आणि तो डोक्यावर घेऊन ती दरड पुन्हा चढत. मागच्या साली अनुसया त्याच दरडीवरून भरल्या गुंडासकट घसरली. तेव्हापासून ती एका पायाने लंगडत होती आणि लंगडत पाणी भरत होती. अनुसया म्हणजे रुखमाबाईंची जाऊ. रुपरावांची स्वतःची बायको.

"मंग सभेत बोल ना वं," पुष्पलताबाई म्हणाल्या.

"कशी बोलू बाई? भासरे समोर बसते. लगन होऊन आली तवापासून त्याईच्यासंग एक शब्द नाही बोलली मी."

नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, भासऱ्याशी, बोलायचे नाही, हा तिकडचा रिवाज. मास्तरांना हे कळले तेव्हा त्यांनी स्त्रियांच्या समान हक्कांवर असे तडाखेबंद भाषण केले की छपरावरची कबुतरे उडाली. सर्वांत जास्त वेळ टाळ्या रुपरावांनी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर पंगत बसली होती. मास्तर एका खांबाला टेकून देखरेख करत होते. रुखमाबाई ताकाचे भांडे घेऊन आल्या आणि खांबाकडे तोंड करून म्हणाल्या, "ताक वाढू का म्हणा."

"नको, मला सर्दी झाली," मास्तर म्हणाले.

रुखमाबाई तशाच उभ्या. पुन्हा खांबाला म्हणाल्या, "ताक वाढू का म्हणा."

"म्हटलं ना बाई, नको!"

तेव्हा खाली पत्रावळीवरून रुपराव खांबाकडे पाहून म्हणाले, "थोडंसं वाढा म्हणा. आणि मास्तरले बाजूले व्हाले सांगा."

त्यांच्या घरी सैपाकघराच्या तोंडाशी असाच एक खांब होता. पेरणी, पाहुणे, लेकराचा ताप, जे काही या दोघांना एकमेकांना सांगायचे असे ते वर्षानुवर्षे त्या खांबामार्फत चालले होते, आणि एकही काम अडले नव्हते. मास्तर बाजूला झाले. पंगत उठली, पत्रावळी उचलल्या, तरी ते त्या खांबाकडे बघत उभेच होते. संध्याकाळी रुखमाबाईंना म्हणाले, "बाई, घरी जशा खांबाशी बोलता, तशा सभेत अध्यक्षाशी बोला. भासऱ्याकडं पाहूच नका. मनोहररावाले खांब समजा."

"तसाही तो खांबच हाय," चुलीजवळून पुष्पलताबाई म्हणाल्या.

पण शिबिरातल्या सरावाच्या सभेत रुखमाबाई उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि पुन्हा बसल्या. शिबिर संपले.

बोरडोहाच्या सभेला मास्तर स्वखर्चाने गेले आणि सोबतीला शेजारी म्हणून मलाही ओढून नेले. खाप्यापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. मारुतीच्या देवळाच्या मंडपात सभा. बाहेर निंबाखाली अनुसयाबाई पाय लांब करून बसल्या होत्या. मास्तरांना बोलायची मुभा नव्हती. ते मागे बसले, मांडीवर घंटी, आणि ती वाजू नये म्हणून आत बोट घातलेले.

रुपराव सुरेख बोलले. शिबिरात शिकवल्याप्रमाणे सगळे अध्यक्षांना उद्देशून. गावाची इज्जत, साहेबलोकांची ये-जा, पंचायतघर. मनोहरराव म्हणाले, "बरोबर हाय. आणखी कोणाले बोलाचं हाय?"

मग रुखमाबाई उठल्या, मनोहररावांकडे तोंड केले, आणि मंडपातल्या खांबाशी बोलावे तशा सरळ आवाजात म्हणाल्या, "सरपंचसाहेब, सभासदाले विचारा, त्याईच्या घरी पाणी कोण भरते."

मनोहरराव गोंधळले. "रुपरावजी, त्या विचारून राहिल्या का—"

"आयकलं. घरची भरते म्हणा."

"कोण्या पायानं भरते, विचारा."

रुपरावांनी बाहेर निंबाकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली.

"सांगा त्याईले," रुखमाबाई म्हणाल्या, "पंचायतघर झालं त पंच तेथी बसतीन. खुशाल बसो. पण बसणाऱ्याईले तहान लागन आणि पाणी त्याच दरडीखालून येईन. आणणारी एक दिवस खालीच राहिली, त पंचाईनं काय करावं? हे शिबिरात कोणी सांगतलं नाही."

मास्तरांनी मान खाली घातली. खरोखरच सांगितले नव्हते.

हात वर करायला सांगितले. पंचायतघरासाठी रुपरावांच्या दोन दोस्तांचे हात आले. रुपरावांचा हात मांडीवरच होता. दोस्तांनी त्यांच्याकडे पाहिले, कोपराने ढोसले, हात हलला नाही. विहिरीसाठी रुखमाबाई, पंचायतीतल्या दुसऱ्या बाई जिजाबाई आणि गावातल्या कोष्टीपुऱ्याचे पंच भैयाजी. मनोहररावांनी दोन्हीकडचे हात नीट मोजले आणि मग आपलाही विहिरीसाठी वर केला.

सभा उठली. हात वर न केल्याबद्दल अभिनंदन करायला मास्तर रुपरावांकडे धावले, पण रुपराव त्यांना ओलांडून गेले आणि मंडपाच्या कडेच्या खांबाजवळ थांबले. तिथून चार हातांवर रुखमाबाई जावेला काखेत धरून उठवत होत्या.

"इहिरीची जागा पाहाले उद्या जाचं हाय," रुपराव खांबाला म्हणाले. "दोघीईनं यावं म्हणा. पायाले सोसन तितक्याच दूर पाहू म्हणा."

"येतो म्हणा," रुखमाबाई खांबाला म्हणाल्या.

मास्तर खांबाच्या पलीकडेच उभे होते. या वेळी ते मध्ये बोलले नाहीत.