व्याह्यांसाठी घेतलेला फेटा

दिनांक ६ मे, सकाळी सहा. स्थळ : वडगाव रासाई, मामांच्या घराचा ओटा. हजर : मामा, मामी, मी, जीपचा ड्रायव्हर आणि सहा बॅगा. गैरहजर : मामांचा पासपोर्ट. तो साडेसहाला सोसायटीच्या पावत्यांच्या पिशवीत सापडला. शोधून दिला म्हणून मामांनी तिथल्या तिथे ड्रायव्हरला टॉवेल-टोपी दिली. माझ्या यादीत 'प्रस्थान – सहा वाजता' असं होतं. तिथूनच माझी यादी घसरायला लागली ती पंचवीस दिवस घसरतच राहिली.

माझ्या या सख्ख्या मामांनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाला सत्कार केल्याशिवाय सोडलेलं नाही. आमच्या शिरूर-दौंड भागात सत्काराचं वेड सगळ्यांनाच आहे, पण इतरांना त्याला काहीतरी निमित्त लागतं. मामांना माणूस पुरतो. डीपी जळून चार दिवस गाव अंधारात होतं, पाचव्या दिवशी वायरमन उगवला, तेव्हा लोक त्याला शिव्या द्यायला जमले होते. मामांनी त्याला खांबावरून उतरवून नारळ दिला. बोअरला पाणी लागलं नाही, तरी बोअरवाल्यांचा सत्कार झाला, कारण "खाली पाणी न्हाई हे तरी कळलं की." दहावीत पहिल्या आलेल्या मुलीबरोबर नापास झालेल्यालाही त्यांनी स्टेजवर बोलावलं होतं. हेडमास्तर कासावीस झाले, तर मामा म्हणाले, "त्यो बी बसला हुता परीक्षेला." प्रत्येक सत्काराआधी ते "आज या ठिकाणी" असं म्हणून घसा खाकरतात. मग समोर दोनशे माणसं असोत नाहीतर एक म्हैस. आपला स्वतःचा सत्कार मात्र त्यांनी कधी होऊ दिला नाही. त्यांचं नाव पुकारलं की ते मंडपामागे पाणी प्यायला जातात.

आम्ही निघालो होतो जर्मनीला. मामांची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण जयू, नऊ वर्षांपूर्वी तिकडच्याच मुलाशी तिकडेच लग्न करून बसली. मामा लग्नाला गेले नाहीत. तिच्या सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं आमंत्रण आलं होतं, जयूने खाली त्याचं मराठी करून दिलं होतं. त्यालाही उत्तर गेलं नाही. लग्नात त्या माणसाने पहिल्या रांगेतली एक खुर्ची मामांसाठी रिकामी ठेवली होती, हे जयूने मला सांगितलं आणि मी मामांना सांगून बसले. त्यानंतर जयू दोनदा आली, दोन्ही वेळा माझ्याकडे दौंडला उतरली. मामी येऊन भेटून गेली. मामांना त्या दिवसांत नेमकं उसाला पाणी द्यायचं असे. आणि यंदा जानेवारीत ते अचानक शाळेत माझ्या ऑफिसात येऊन बसले आणि म्हणाले, "ताई, तू हेडक्लार्क हायस. कागदं कर. जायचं." शिरूरच्या दुकानातून आणलेला जरीचा फेटा त्यांनी टेबलावर ठेवला. "ह्यो व्याह्यांचा. व्याहीभेट राहिलीया."

"मामा, जयूशी फोनवर बोला ना आधी. झालं गेलं विसर म्हणावं."

"त्ये मला येत न्हाई," मामा म्हणाले. "सत्कार येतो."

मी सत्तेचाळीस कलमांची यादी केली. शेवटचं कलम : व्याह्यांना फेटा, मामांच्या हातून. जयूचं घर शेवटी ठेवायचं हा हट्ट मामांचाच. "आधी देश बघू, मग घर बघू," असं म्हणून त्यांनी नकाशावर बोट दक्षिणेला टेकवलं. जयू होती पार उत्तरेला, समुद्राजवळ. मला वाटलं, मामांना फिरायची हौस आहे. माणसं ओळखण्याचं कलम माझ्या यादीत नव्हतं.

परदेशातल्या पहिल्या लांब प्रवासाने मला जे काही शिकवलं, त्याची मी वही ठेवली आहे. मे महिन्यात जाणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. नारळ विमानात चालत नाहीत. आमचे अकरा मुंबईलाच राहिले, आणि ते काढून घेणाऱ्या साहेबांना टॉवेल-टोपी मिळाली. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. पहिल्या रविवारी आम्ही म्युनिकच्या एका बागेत बसून मामीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि शेजारी बदकांना पाव घालणाऱ्या आजींचा, मुक्या प्राण्याची सेवा करतात म्हणून, सत्कार झाला. रेल्वेचा पास असला तरी तो सगळ्या गाड्यांना चालत नाही. कोलोनच्या वाटेवर तिकीट तपासनीसाने आम्हाला दंड केला. मी पावती नीट घडी करून फाइलला लावते आहे, तोवर मामा उभे राहिले.

"आज या ठिकाणी," ते सगळ्या डब्याला उद्देशून म्हणाले, "ह्या सायबांनी आपलं काम चोख केलं."

"दंड आपल्यालाच केलाय त्यांनी," मामी म्हणाली.

"म्हणूनच. वळख न्हाई, पाळख न्हाई, सोडलं का? आपल्याकडं सोडलं असतं."

तपासनीस टोपी घालून पुढच्या डब्यात गेला. त्या गडबडीत आमचं उतरायचं स्टेशन मागे पडलं. मी माझ्या यादीकडे बघत राहिले. बत्तीस वर्षं ऑफिस सांभाळलेली बाई मी; पण त्या देशात एकही दिवस माझ्या कागदाप्रमाणे मावळला नाही. मामी म्हणायची, "तू लिहू नगंस गं. लिहिलं की ह्यांच्या अंगात येतं." उत्तरेकडे जाऊ तसतशी टॉवेल-टोप्यांची बॅग हलकी होत गेली आणि मामांचं बोलणं कमी होत गेलं. बाविसाव्या दिवशी शेवटचा टॉवेल हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बाईंना गेला. उरला तो एकटा फेटा.

तेविसाव्या दिवशी आम्ही जयूच्या गावाला जायला बस पकडली, मधल्या एका खेड्यात दुसऱ्या बससाठी उतरलो, आणि पहिली बस वळणाआड गेल्यावर मामीला आठवलं की तिची पिशवी आत राहिली. पिशवीत तिची शुगरची औषधं आणि तिघांचे पासपोर्ट. पासपोर्ट एकाच ठिकाणी ठेवू नयेत हे माझ्या यादीतलं चौथं कलम होतं आणि ते मीच मोडलं होतं. आम्ही बाकावर बसून राहिलो. दुसरी बस येऊन गेली. दोन तासांनी एक छोटी गाडी थांबली, तिच्यातून तोच बसड्रायव्हर उतरला. ड्यूटी संपवून, स्वतःच्या गाडीने, पिशवी घेऊन आला होता. मामीच्या हातात पिशवी देऊन तो निघणार, तोच मामांनी बॅगेची चेन उघडली.

"त्यो व्याह्यांचा हाय," मामी म्हणाली.

"मामा, नका," मी म्हटलं. "तिथं व्याह्यांसमोर काय करणार?"

"तवाचं तवा. आता म्होरं कोण उभं हाय? ह्या माणसाला मोकळ्या हातानं लावून देऊ?"

त्या खेड्याच्या थांब्यावर मामांनी त्याला पूर्ण फेटा बांधला. घाई नाही. प्रत्येक पीळ दाबून, शेमला पाठीवर नीट सोडून. ड्रायव्हर शाळेतल्या मुलासारखा ताठ उभा होता. फेटा बांधता बांधता मामा त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते, ते मला ऐकू आलं नाही. फेट्यासह तो गाडीत बसायला वाकला आणि गेला.

संध्याकाळी जयूने फाटक उघडलं. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे सासरे मागच्या बागेत होते, पंच्याहत्तरीपुढचे, सुतारकाम केलेले रुंद हात, डोक्यावर गवताची हॅट. मामांना बघून ते झाडाला टेकवलेल्या शिडीवरून सावकाश उतरले. मामांनी नमस्कार केला. जयू भाषांतर करायला मध्ये उभी राहिली.

"आज या ठिकाणी," मामा म्हणाले, आणि थांबले. हात पुढे आलेले, पण त्यांत काही नव्हतं. ते हात तसेच परत गेले. जयू वाट बघत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा मामांचं वाक्य अर्धं राहिलेलं ऐकलं.

ऊन समोरून येत होतं, मामा डोळे बारीक करून उभे होते. म्हाताऱ्यांनी आपली हॅट काढली आणि मामांच्या पांढऱ्या टोपीवरच ठेवली, थोडी पुढे ओढली, म्हणजे सावली पडावी. इथे मंडप नव्हता, मागे पाणी प्यायला जायची सोय नव्हती. मामांनी मान खाली घातली, पण हॅट काढली नाही. जेवतानासुद्धा.

परतीच्या गाडीत ती मांडीवर घेऊन ते खिडकीबाहेर बघत होते. हॅटची कड चाचपत म्हणाले, "मी त्यांस्नी सांगणार हुतो."

"काय?"

"खुर्चीचं. चुकलं म्हणून." मग पुन्हा बाहेर बघत, "फेटा बांधताना सांगता येतं गं. कानापाशी असतो आपण, तोंडाकडं बघावं लागत न्हाई. नुसतं उभं ऱ्हाऊन मला न्हाई येत."

"त्या ड्रायव्हरला काय सांगितलंत?"

"त्येच," मामा म्हणाले.

हॅट आता वडगावला खुंटीवर आहे. परत आल्यावर आठवड्यातच मामांनी शिरूरहून तसलाच फेटा आणून माझ्याकडे ठेवला. मी म्हटलं, पार्सल करून पाठवते, जयू बांधेल. तर म्हणाले, "पारसलानं व्याहीभेट हुती व्हय?" पण मामांचा गुडघा आता ओट्याच्या पायऱ्यासुद्धा चढू देत नाही, आणि विमानाचा विषय डॉक्टरांनी बंद केला आहे. गेल्या रविवारी जयूचा फोन आला. सासरे आता बागेत येत नाहीत, म्हणाली. खिडकीशी पलंग लावून दिला आहे, तिथून झाड बघतात. मी हे अजून मामांना सांगितलेलं नाही. तेही माझ्याकडेच आहे.

फाइल काढली की सत्तेचाळीसपैकी सेहेचाळीस कलमांपुढे खूण दिसते, चुकतमाकत का होईना. शेवटच्या ओळीपुढे जागा कोरी आहे. फेटा कपाटात, वरच्या कप्प्यात, दुकानाच्या कागदातच आहे.