सरकलेलं वाक्य

बोका हे नाव मीच ठेवलं, आणि तेव्हा मला त्याचा भारी अभिमान होता. आमच्या ऑफिसात सात कॉम्प्युटर, सात कीबोर्ड, सात माउस. त्यातले सहा दिवसभर टेबलांवर पळत असायचे आणि सातवा उताणा पडलेला असायचा. "ह्यांच्या टेबलावर उंदीर जिवंत राहत नाही, बोका आहेत बोका," असं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, सगळे खो खो हसले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो. मागे काय म्हणतो ते त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. कळलं असणारच. एवढ्याशा खोलीत लपणार काय?

औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद असतो बघा, जो खोकं उघडल्याबरोबर लोक फेकून देतात? तो आम्ही तयार करतो. औषध कंपनीकडून जुन्या कागदावर लाल पेनानं केलेल्या दुरुस्त्या येतात. आपण फाइल उघडायची, दुरुस्त्या करायच्या. मग दोघांनी मिळून बसायचं, एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं कागदाशी ताडून बघायचं. स्वल्पविराम, कंस, सगळं तोंडानं म्हणायचं. आणि एकदा हे वाचन झालं की त्या फाइलला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. मॅडमचा, म्हणजे आमच्या मालकीणबाईंचा, हा एकच कडक नियम. बाकी उशिरा या, लवकर जा, त्या बघायच्या नाहीत.

माझी आणि काकांची जोडी सहा वर्षं होती. कुणी लावून दिली ही जोडी, त्याला शोधते आहे अजून! मला एका जागी दहा मिनिटं बसवत नाही. बोलताना मी फिरते, फोनवर फिरते, दुसऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसते. आणि हा माणूस सकाळी एकदा बसला की मान फक्त डावी-उजवीकडे. चोपन्न वर्षांचे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. चालताना उजवा हात खिशात. चहा मागताना "अर्धाच द्या". मला वाटायचं, काय हा तोरा! अर्धा चहा काय, खिशात हात काय, साहेबच जणू.

पण काम? काम बघत राहावं असं. टायपिंग शिकलेले जुन्या मशीनवर, मग ते काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं यायची त्या काळातले कॉम्प्युटर, तेव्हा माउस नव्हताच. बाणांची बटणं, शिफ्ट, कंट्रोल, एवढ्यावर त्यांचा कारभार. मी माउस धरून नेमक्या अक्षरावर जायला धडपडत असायचे, तोवर ह्यांनी शब्द सिलेक्ट करून, बदलून, पुढची ओळ गाठलेली. एकदा मी चिडून विचारलं, "काका, त्या माउसनं तुमचं काय घोडं मारलंय?" तर म्हणाले, "अगं, माउस उडी मारतो. मजकुरातून चालत जावं. चालताना आजूबाजूचं दिसतं." मी नाक मुरडलं. दुसऱ्याच दिवशी, त्यांना न दाखवता, कंट्रोल दाबून बाणानं शब्द शब्द पुढे जाऊन बघितलं. खरंच दोन चुका दिसल्या. त्यांना सांगितलं नाही, सांगणार कशाला?

त्या दिवशी आमचं एका खोकल्याच्या औषधाचं वाचन साडेअकराला संपलं. दुरुस्त्या काकांनी केल्या होत्या, फाइल त्यांच्या मशीनवर होती. काका "आलोच" म्हणून बाहेर गेले, रजिस्टरात न लिहिता. असं ते कधी करत नसत. बारा वाजता त्यांचा मला फोन. "अगं, फाइल पाठवायची राहिली. माझ्या मशीनवर बसून तेवढी पाठवून दे. उघडू नकोस हं."

उघडू नकोस! असं कुणी मला सांगितलं की माझा हात आधी तिकडेच जातो. उघडली. म्हटलं, बघू तरी बोक्याची फाइल. तर मधे दोन शब्दांमध्ये भलीमोठी मोकळी जागा. वाचताना मोकळी जागा काही ऐकू येत नाही, म्हणून राहिली होती. मला काय आनंद झाला! ह्यांचीही चूक सापडते म्हणजे. कर्सर तिथं नेला आणि बॅकस्पेस दाबलं, टक टक टक. एकच जागा पुसली गेली. परत तीनदा. परत एकच. मी कीबोर्ड आपटला. तेवढ्यात घरून नवऱ्याचा फोन. त्याची नोकरी जाऊन सहा महिने झाले होते, घरी होता, आणि त्याला पाण्याच्या मोटरचं बटण सापडत नव्हतं. "अरे दाराच्या मागे! दाराच्या मागे रे बाबा! नाही, त्या नाही, ह्या दाराच्या!" फोन खांद्यानं कानाला दाबलेला, डोकं सटकलेलं, आणि तशातच मी तो उताणा माउस सुलटा केला. ती मोकळी जागा सिलेक्ट केली, वाटतं जरा जास्तच सिलेक्ट झालं, परत क्लिक केलं, हात सरकला, मोकळी जागा गेलेली दिसली. झालं. सेव्ह केलं, पाठवलं, माउस परत उताणा ठेवला.

मग बसल्या बसल्या तो कीबोर्ड बिघडलाय का बघायला सेटिंग उघडलं. तिथं एक सोय चालू करून ठेवलेली होती. एकच बटण लागोपाठ दाबलं गेलं तर दुसरं दाबणं मोजायचंच नाही. खाली लिहिलंही होतं, ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी म्हणून.

मी तशीच बसले. अर्धा चहा. खिशातला हात. माउस न धरणं. अगं बाई, आणि मी त्या माणसाला बोका म्हणत होते. काका पाऊण तासानं आले, हातात डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा कागद, तो त्यांनी झटकन खिशात घातला. मी ताकाला तूर लागू दिली नाही. "पाठवली," एवढंच मी त्यांना म्हणाले.

नऊ दिवसांनी मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं. टेबलावर तो कागद, छापून आलेला. "मोठ्यांसाठी" ह्या मथळ्याखालचं एक वाक्य, "गरज वाटल्यास मात्रा दुप्पट करावी," तिथून उठून खाली "लहान मुलांसाठी" ह्या मथळ्याखाली जाऊन बसलं होतं. कंपनीतल्या एका बाईनं खोक्यात भरायच्या आधी सहज वाचलं म्हणून निभावलं. सगळी छपाई फुकट गेली. कंपनीला माणसाचं नाव लेखी हवं होतं, आणि तो माणूस पुन्हा त्यांच्या कामावर नको होता. म्हणजे आमच्याकडे नकोच, आमच्याकडे दुसरं काम होतं कुठे?

सिलेक्ट केलेल्या मजकुरावर माउस दाबून हात हलला की मजकूर बरोबर ओढला जातो, हे आम्हाला झोपेतही माहीत असतं. त्या दिवशी माझा हात सरकला तेव्हा नेमकं हेच झालं होतं. माझ्या मुलीला खोकला झाला की मीच चमच्यानं औषध देते. दुप्पट!

"फाइल शेवटची सेव्ह झाली बारा वाजून दहा मिनिटांनी," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मशीनवरून, काका. वाचन झाल्यावर उघडलीत का?"

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं, आणि बघत राहिले. मी नजर खाली घातली. घरात तेव्हा माझा एकच पगार, आणि तोंडामुळे मला दोनदा ताकीद मिळालेली. तिसरी म्हणजे घरीच.

"बोला ना. तुम्हीच कापून तिकडे चिकटवलंत?"

तरी काका बोलेनात. मला ते सहन होईना. मला कुणाचं गप्प बसणं सहनच होत नाही. काकांना वाचवायचं होतं मला, खरंच सांगते, पण स्वतःलाही वाचवायचं होतं. आणि जीभ सुटली. "मॅडम, हे कापून चिकटवून नाही होत, माउसनं ओढलं की होतं! आणि काका माउस धरूच शकत नाहीत. त्यांचा हात कापतो. बघा ना हात त्यांचा!"

सगळ्यांनी बघितलं. काकांनी सावकाश हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला. टेबलावर काच होती. त्यांच्या बोटातली अंगठी काचेवर वाजायला लागली, आणि थांबेचना.

"किती दिवस?" मॅडमनी विचारलं.

"चार वर्षं."

"चार वर्षं तुम्ही औषधाचे कागद ह्या हातानं..." त्यांनी तो छापलेला कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाल्या, "मग झालं असेल तसंच. त्या दिवशी धरायला गेला असाल, आणि ओढलं गेलं."

मी सुटकेसाठी जे सांगितलं होतं तेच पुरावा झालं. "मी बसले होते तिथं," एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. दिवसभरात मी हजारो शब्द बोलते.

काकांनी त्याच दिवशी खण रिकामा केला. मॅडम वाईट वागल्या नाहीत, "तब्येतीला जपा" म्हणाल्या, सगळा हिशोब चोख करून दिला. मला म्हणाल्या, "तू बोललीस ते बरं केलंस." बरं केलंस! मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. वाचनाला नवीन मुलगी मिळाली, चुणचुणीत आहे, पण मी वाचता वाचता उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे, ओळ चुकायची. घरी नवरा म्हणाला, "भिंगरी लागलीय का पायाला?" त्याच्यावर खेकसले. मुलीच्या वहीत शुद्धलेखन तपासायला बसले आणि तीच ओळ पाच वेळा वाचली. बसमध्ये माझा स्टॉप दोनदा निघून गेला. विसाव्या दिवशी मला राहवेना, मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मोटरच्या बटणासकट.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. वाटलं, आता संपलं. आणि खरं सांगते, हलकं वाटलं.

"काकांना परत बोलवा," मी म्हटलं. "मला काढा."

"कसं बोलवू? चूक तुझी, ठीक आहे. पण हात तर त्यांचाच आहे ना? कंपनीला आता ते माहीत आहे. मीच लिहून दिलंय." त्यांनी पेन परत उचललं. "त्या दिवशी हे सांगितलं असतंस तर तुला झापलं असतं, पगार कापला असता. हाताचा विषयच निघाला नसता. आणि तुलाही काढलं तर काम कोण करणार? जा."

दारू पिणारा माणूससुद्धा निदान दारूच्या दुकानात तरी जाऊ शकतो. मला कुठे जायचं तेच कळेना. त्या रविवारी सकाळी मी काकांच्या घरी गेले.

तिसरा मजला, दोन खोल्या, स्वच्छ. दार काकूंनी उघडलं. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं आणि माझे दोन्ही हात धरले. "तूच ना ती? ये, ये. अगं, हे आल्या आल्या सांगत होते मला. सगळे तोंड शिवून बसले होते, तू एकटी ह्यांच्या बाजूनं बोललीस म्हणून. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणीतरी बोललं बाई."

मी काकांकडे बघितलं. ते खिडकीशी बसले होते, हात मांडीवर उघडाच, कापत होता तसा कापू दिलेला. काकू चहा ठेवायला आत गेल्या.

"काका," मी म्हटलं, "ते वाक्य मी..."

"माहीत आहे. मीच नाही का तुला बसायला सांगितलं होतं?"

"मग बोलला का नाहीत? माझं नाव का नाही घेतलंत? मी म्हणते, एकदा तरी शिवी द्यायचीत!"

"वाट बघत होतो," ते म्हणाले. "मला वाटलं, तू बोलशील. बोललीसही."

आत भांड्यांचा आवाज येत होता. मी उठून उभी राहिले. "मी काकूंना सांगते. आत्ताच्या आत्ता सांगते, मला नाही सहन होत हे."

"बस खाली." सहा वर्षांत त्यांनी माझ्यावर पहिल्यांदा आवाज चढवला, तोही दबक्या स्वरात. "तुला हलकं वाटेल. तिचं काय? माझ्या शेजारी एक चांगलं माणूस बसत होतं, एवढंच एक तिला त्या ऑफिसातून मिळालंय. ते तरी राहू दे तिच्याजवळ."

मी बसले. काकू ट्रे घेऊन आल्या, माझ्या पुढ्यात भरलेला कप ठेवला. "येत जा गं अधूनमधून," म्हणाल्या. "ह्यांना बरं वाटतं."

मी हो म्हटलं.