चित्राची उजवी पट्टी

दोन हजार सालानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत मी कॉलेज रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. सकाळच्या दोन बॅच झाल्या की मखमलाबादला घरी यायचं. आमची तिथे झेंडूची आणि शेवंतीची शेती. वडील पहाटेच फुलं घेऊन बाजारात जायचे आणि दुपारी आले की आडवे व्हायचे. आई दारातल्या उजेडात स्टुलावर बसून हार ओवायची. तिच्यासमोरच्या टेबलावर माझा कॉम्प्युटर असायचा.

एका दुकानात मला बिननावाचा वेबकॅम मिळाला. कॅमेरा कसा चालवायचा हे कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्याच्या सीडीवर होता, पण तो फक्त विंडोजसाठी. मी एरवी विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम वापरायचे आणि लिनक्ससाठी तो कुणी लिहिलेलाच नव्हता. खोक्यावर कंपनीचा पत्तासुद्धा नव्हता. मग एकच उपाय राहिला. विंडोजवर कॅमेरा चालवायचा, वायरीतून येणारे-जाणारे सगळे आकडे फाइलमध्ये उतरवून घ्यायचे आणि त्यांचं चित्र कसं होतं ते आपणच शोधायचं. जगात आणखी चार-पाच जण याच कॅमेऱ्याच्या मागे लागले होते. आमची एक मेलिंग लिस्ट होती. एकाने पाठवलेली मेल सगळ्यांना जायची.

प्रयोगासाठी समोर फारसं न हलणारं काहीतरी लागतं. आई तासन्‌तास जागची हलत नसे, म्हणून मी कॅमेरा तिच्यावरच लावला.

"फोटो काढतीस का?" तिने विचारलं.

"फोटो नाही, आकडे काढते."

"काढ. फक्त मला इकडं बघ, तिकडं बघ म्हणू नको."

पहिले काही आठवडे पडद्यावर नुसती राख दिसायची. मग एका ओळीत किती ठिपके असतील याचा अंदाज बांधत गेले. अंदाज चुकला की राखेतून एक तिरपं, ओढून लांबवलेलं काहीतरी सरकायचं. त्यात केस असावेत, खांदा असावा असं वाटायचं. एका दुपारी मी एक आकडा बदलला आणि आई समोर येऊन बसली. पडद्यावर. अगदी अचानक. रंग अजून जुळले नव्हते, त्यामुळे तिचा चेहरा शेवाळासारखा हिरवा होता आणि मांडीवरचा झेंडू निळा.

मी तिला हाक मारली. ती सुई हातात धरूनच आली, जरा वाकून बघितलं.

"ही मी नाय," ती म्हणाली. "मेलेलं माणूस वाटतंय." आणि परत जाऊन बसली.

रंग जुळायला पंधरा दिवस गेले. त्यानंतरची अडचण जास्त चमत्कारिक होती. हा कॅमेरा प्रत्येक चित्र दोन उभ्या पट्ट्यांत पाठवायचा, आधी डावी, मग उजवी. माझ्या प्रोग्राममध्ये कुठेतरी उजवी पट्टी एक चित्र मागे राहत होती, आणि मी बटण दाबून एकेकच चित्र घ्यायचे. आई पाणी प्यायला उठून गेली की स्टूल अर्धं रिकामं दिसायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर ती बसलेली असायची. एक डोळा, अर्धी टिकली, एक खांदा. स्वयंपाकघरातून तिच्या भांड्यांचा आवाज यायचा आणि ती अर्धी मात्र समोरून माझ्याकडे बघत असायची. मी त्या वेळी हसलेही होते. पण तिच्याकडे पाठ करून बसायला मला नको वाटायचं.

ती चूक मी शोधून काढली. आठवडाभर सगळं नीट चाललं.

मग एका सोमवारी चूक परत आली. एका चित्रात आईचा एक डोळा मिटलेला होता आणि उजव्या पट्टीतला टक्क उघडा. पुढच्या दहा चित्रांत तेच. ओठही मधोमध जुळत नव्हते. उजवीकडचा भाग खाली उतरलेला होता, जणू वेगवेगळ्या वेळच्या दोन बायका मध्ये शिवून टाकल्यात. वडील झोपेत काहीतरी बरळले म्हणून ती हसली, तेव्हा पडद्यावर फक्त डावी पट्टी हसली.

मी प्रोग्रामची ओळ न्‌ ओळ पुन्हा वाचायला घेतली. दोन दुपारी त्यातच गेल्या. मधे आई म्हणाली, "ह्या कपाला तडा गेलाय बघ. चहा गळतोय."

"दुसरा घे," मी मान न वळवता म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हा बी गळतोय."

बुधवारी ती मळ्यात गेली होती. आता माणूस नको, सरळ रेघा असलेलं काहीतरी हवं, म्हणून मी स्टुलावर भिंतीवरचं कॅलेंडर टेकवून ठेवलं. चित्र आलं. सगळ्या चौकटी सरळ. दोन पट्ट्यांच्या मधला जोड शोधूनही सापडेना. मी दहा वेळा पाहिलं, दहाही वेळा बिनचूक. प्रोग्राममध्ये काही चुकत नव्हतं.

मी उठले आणि तशीच अनवाणी बांधापर्यंत गेले. आई वाफ्यात वाकून फुलं खुडत होती.

"आई, माझ्याकडं बघ."

तिने वर पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा मी तिचा चेहरा पडद्याशिवाय पाहत होते. डावा गाल ओघळला होता. समोरच्या माणसाची डावी बाजू चित्रात उजवीकडे येते.

"काय झालं?" तिने विचारलं. शब्द एका बाजूने बाहेर पडले.

"डोळे मिट."

एकच मिटला.

त्याच संध्याकाळी तिला गाडीवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, तोंडाचा लकवा, चेहऱ्याच्या नसेला सूज आलीय, मेंदूचं काही नाही. "कधीपासून आहे?"

"आजच कळलं," आई म्हणाली.

"सोमवारपासून," मी म्हणाले. चित्रांच्या फाइलींवर वेळ असते. मी त्यांना मिनिटसुद्धा सांगू शकले असते.

"लगेच आणायचं होतं," ते एवढंच म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या.

झोपताना डोळ्यावर चिकटपट्टी लावायची, दिवसातून चार वेळा गाल हलावा म्हणून फुगा फुगवायचा. तीन महिन्यांनी चेहरा बराचसा जागेवर आला. हसताना डावीकडे थोडा उशीर लागायचा, तो राहिलाच. मला तिच्याकडे बघताना मात्र विचित्र व्हायचं. ती गप्प बसलेली असली की मी आधी दोन्ही बाजू जुळतात का ते बघायचे.

त्याच सुमारास लिस्टवर एकाने कॅमेऱ्यातून आलेले कच्चे आकडे मागितले. आम्ही कुणी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. त्याचा ड्रायव्हर जवळपास तयार होता, पण आपल्या कॅमेऱ्याखेरीज दुसऱ्या कॅमेऱ्यावर तपासायचा होता. माझ्याकडे शिल्लक होत्या त्या सोमवार ते बुधवारच्याच फाइली. नवीन काढाव्या तर कॅमेरा गुंडाळून ठेवला होता आणि तो हातात घ्यायची इच्छा होत नव्हती. मी आईला विचारलं.

"दे की," ती म्हणाली. "माझं तोंड बघून कोण काय नेणार हाय?"

मी पाठवल्या. सोबत काहीच लिहिलं नाही. आठवड्याने उत्तर आलं: रंग छान, पण उजव्या पट्टीत अजून चूक दिसते. दुसऱ्यानेही दुजोरा दिला. दोघं मिळून ती शोधायला लागले. काही दिवसांनी पहिल्याने एक चित्र पाठवलं. चित्र कसं दिसायला हवं हे दाखवायला त्याने डावी पट्टी उलटी करून उजवीकडे जोडली होती.

ते मी क्लासमध्ये, भर दुपारी, पोरांच्या गलक्यात उघडलं. दोन्ही डोळे सारखे मिटलेले, दोन्ही गाल सारखे, ओठ काटेकोर सरळ. कुठेही चूक नसलेली एक बाई होती ती. मी तिला ओळखत नव्हते. मी घाईने पडद्यावरची ती खिडकी बंद केली आणि ते चित्र घरी कधीच दाखवलं नाही.

मग लिस्टवर लिहिलं: तुमचा प्रोग्राम बरोबर आहे. समोर माझी आई बसली आहे. ती तेव्हा आजारी होती, मला कळलं नाही.

पाचव्या दिवशी, ज्याने ते चित्र जोडलं होतं त्याची मेल आली. मी घरी येऊन आईला सांगितलं की तो तुझी तब्येत विचारतोय.

"कोण?"

"ज्याला तुझे आकडे पाठवले, तो."

हार ओवता ओवता तिने क्षणभर विचार केला. "सांग, बरी हाय म्हणावं. आता दसऱ्याचा झेंडू चालू हाय, बोलायला टाइम नाय."

मी तसंच कळवलं. पुढे तो ड्रायव्हर लिनक्समध्येच समाविष्ट झाला.